अकरावा पत्ता

समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या मालकीणबाई. पाहुणे म्हणून आलेले कागदाचे व्यापारी शेठजी. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते फोरमनकाका, शेजारी बसलेल्या काकू, आणि बाइंडिंग खात्यातल्या माझ्या बहिणी-भावांनो, नमस्कार.

बोलायला कोणी तयार होईना, तेव्हा सगळ्यांनी मिळून मला झब्बू दिला. उचलते, काय करणार?

काकांच्या कामाबद्दल शेठजी बोललेच. मी बोलणार आहे त्यांच्या पत्त्यांबद्दल. जेवणाच्या सुट्टीतल्याच बरं का, मालकीणबाई! त्यातली किलवरची नव्वी हरवली, तर काकांनी वहीच्या पुठ्ठ्याची नवी केली. इतकी जाड, की कोणाच्या हातात आहे ते लांबून दिसावं. तरी आम्ही वर्षानुवर्षं तिच्यासकट खेळलो.

सहा वर्षांपूर्वी शिलाईच्या मशीनमध्ये माझी दोन बोटं सापडली. जखम भरली, पण बोटं वळेनात. तीन महिन्यांत हात चालला नाही तर मशीन दुसरीला द्यायचं ठरलं. मी खूप रडले. काका म्हणाले, "रडून झालं? मग पत्ते पिस."

त्यांनी मला एक जादू शिकवली. एकवीस पत्ते, सात-सातच्या तीन रांगा. समोरच्यानं मनात एक पत्ता धरायचा आणि रांग सांगायची. पत्ते गोळा करून पुन्हा मांडायचे. असं तीनदा केलं, की वरून अकरावा पत्ता त्याचा. माझ्या हातून पत्ते सांडायचे, पण काका वाकायचे नाहीत. "उचल तुझी तू," म्हणायचे. अकरावा पत्ता उलटला की मात्र रोज कपाळावर हात मारायचे, "अगं, हाच! कसं जमतं बाई तुला?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. तिसऱ्या महिन्यात मी मशीनवर परत बसले.

त्याच आनंदात घरी नणंदेला जादू दाखवली. ती म्हणाली, "वहिनी, माझा पत्ता हा नव्हेच." पुन्हा केली. पुन्हा नव्हे! तेव्हा काकांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं आठवलं, सांगितलेली रांग गोळा करताना मधे घालायची असते. मी ती रोज सगळ्यांत वर ठेवत होते. म्हणजे एक पान उलटं शिवलं तर अख्खं पुस्तक उसवायला लावणारा हा माणूस रोज माझ्या तोंडावर खोटं बोलत होता! काका, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आज सांगते, तुमच्या त्या खोट्यामुळे माझा हात चालला, माझं घर चाललं. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

मघाशी चहाच्या वेळी मी काकांना पुन्हा समोर बसवलं. त्यांनी मनातला पत्ता चिठ्ठीवर लिहून मालकीणबाईंकडे दिलाय. अकरावा पत्ता हा माझ्या हातात आहे. बाई, चिठ्ठी वाचता का?

किलवर नव्वी! आणि ही बघा, पुठ्ठ्याची!

अहो काका, आज मी रांग मधेच घातली होती. चुकले नसते हो! तरी तुम्ही माझ्यासाठी लांबून ओळखू येणारी हीच धरलीत?

एवढंच सांगायचं होतं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना चार पत्ते सांडले असतील, तर काका, आजच्या दिवस तुम्ही उचलून घ्या.