एकही गाडी नाही

...आणि वर तो सायकलवाला मलाच विचारतो, "मग मॅडम, मजा आली ना? एकही गाडी नाही!" अहो नाही ना. तेच तर. तुम्हाला सांगते, त्या डोंगरातल्या खडीवरून अकरा किलोमीटर मी दोन सायकली आणि एक नवरा असं सगळं रेटत आणलंय, आणि तेवढ्या वाटेत साधी हातगाडीसुद्धा आडवी आली नाही.

एरवी मी इतकी बोलत नाही. सासरी तर माझी ख्यातीच आहे, "सून गुणी हो, आवाज म्हणून नाही." आवाज आहे, पण काढायचा कुठे? घर तीन खोल्यांचं, माणसं पाच, आणि भिंती अशा, की पलीकडे सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं की मला कळतं, आता खेळाचं पान आलं. त्यात माझा धंदाच कानांचा. लग्नाआधी मी लोकांचे कान तपासायचे. बंद खोलीत माणूस बसवायचा, कानांना हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं, "आवाज आला की दाबा हं आजोबा." आजोबा आवाज नसतानाही दाबायचे, मला बरं वाटावं म्हणून. मग लग्न झालं, गाव बदललं, नोकरी सुटली. "बघू इथे काहीतरी," असं सगळेच म्हणाले, आणि दोन महिने सगळे बघतायत.

आणि अशात ते पत्र आलं. डोंगरापलीकडच्या गावात कानाच्या दवाखान्यात माझ्यासारखीच बाई हवी होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा. अंतर बत्तीस किलोमीटर आणि बस दिवसाला एक, तीही दुपारची, म्हणजे मी पोचेपर्यंत आजोबा घरी जाऊन झोपलेले. आता हे नवऱ्याला सांगायचं कुठे? स्वयंपाकघरात सासूबाई, बाहेर सासरे, आणि आमच्या खोलीत कुजबुजावं तर भिंतीपलीकडून नणंद, "काय म्हणालीस गं वहिनी?"

नवरा माझा चांगला आहे, तक्रार नाही. तो गाडी शिकवतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतो, आणि त्याच्या पायाशी त्याचा वेगळा ब्रेक असतो. नऊ वर्षं हेच काम, त्यामुळे त्याच्या उजव्या पायाला सवय लागलीये. जरा कुठे धोका दिसला की पाय खाली. गाडीत नसला तरी. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "शेजारची सून कामाला जायला लागली म्हणे," की टेबलाखाली पाय दाबला. मी नुसतं "मला ना..." एवढं म्हटलं, की पाय दाबला. तोंडावर काही दिसत नाही हो, तोंड आमटीत. पण पाय खोटं बोलत नाही.

तर शनिवारी तो म्हणाला, "आठवडाभर नुसत्या गाड्या बघून डोकं उठलंय. डोंगरात एक रस्ता आहे, धरण बांधताना केलेला. आता बंदच आहे, सगळी खडी. फक्त सायकली जातात. एकही गाडी नाही." मी मनात म्हटलं, एकही सासूबाई नाही. लगेच हो म्हणाले. सासूबाईंनी बिचाऱ्यांनी डबा भरून दिला, वर म्हणाल्या, "सावकाश या." मलाच कसंसं झालं.

सायकली भाड्याच्या. "मॅडम, ही ग्रॅव्हल बाइक," सायकलवाला घोडा दाखवावा तशी दाखवत होता, "खडीसाठीच बनवलीये. जाड टायर, वाकडं हँडल, लोण्यासारखी जाते." मी शेवटची सायकल नववीत चालवली होती, पुढे बास्केटवाली, आणि ती लोण्यासारखी वगैरे जात नव्हती, पण निदान सरळ बसता यायचं.

रस्ता मात्र काय सांगू... एका अंगाला दरी, खाली धरणाचं पाणी, पलीकडे डोंगरामागे डोंगर, आणि शांतता अशी की नोकरीतल्या त्या मुद्दाम बनवून घेतलेल्या बंद खोलीतही मी ऐकली नव्हती. म्हटलं, आत्ताच. तोंड उघडलं, आणि टायरखाली खडी सुरू. करकर करकर करकर. माझाच आवाज मला येईना. मागून मात्र त्याचा खणखणीत, सवयीचा ना, "आरसा बघ."

"सायकलला आरसा नाहीये."

"मग मागे बघ."

"मागे तू आहेस."

"मग वेग सांभाळ."

चढ आला. मी म्हटलं, "मला... तुला... एक..." तो म्हणाला, "बोलू नकोस, दम जाईल. गिअर बदल." आणि स्वतः प्रत्येक वळणाला हात दाखवून वळतोय. कोणासाठी? एक खार बसली होती कठड्यावर, तिच्यासाठी. एकही गाडी नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

मग उतार आला, आणि तुम्हाला खरं सांगते, मला मजा आली. वारा कानात, मी सुसाट, पत्रबित्र विसरले. पुढे वळण, वळणापलीकडे दरी, मी आपली हातातला ब्रेक दाबून नीट वळले. पण मागच्याला काय दिसलं? बायको दरीकडे निघालीये. नऊ वर्षांची सवय, उजवा पाय दाणकन खाली. तिथे ब्रेक कुठला? तिथे खडी. सायकल एकीकडे, हा एकीकडे. मी धावत गेले, तर पडल्या पडल्या विचारतो, "तू थांबलीस ना?"

त्याच पायाचा घोटा बघता बघता टम्म फुगला. मोबाइलला रेंज नाही. मी म्हटलं, "थांबू जरा, कोणीतरी येईलच की."

"एकही गाडी नाही," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात, की माझ्या त्या आजोबांनीसुद्धा बटण दाबलं नसतं.

मग त्याला एका सायकलवर बसवलं, डाव्या पायाने जमीन रेटतोय, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरी सायकल माझ्या हातात. मुंगीच्या चालीने निघालो, आणि एवढ्या हळू चाललं की खडी वाजत नाही. मी बोलायला लागले. पत्र, बत्तीस किलोमीटर, सोमवार, दोन महिने घरी बसून मला काय काय वाटलं ते सगळं. प्रत्येक वाक्याला नजर त्या पायावर. पाय दर वेळी खाली निघायचा, आणि "आई गं" करून परत वर. ब्रेकच लागेना हो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं बोलणं शेवटपर्यंत गेलं.

पुढच्या वळणाला तो हात दाखवायचा विसरला. मग म्हणाला, "घरी का नाही बोललीस?"

"बोलले. दोनदा. तू ब्रेक मारलास."

"मी?"

"टेबलाखाली."

तो त्या पायाकडे असा बघायला लागला, जणू काही आत्ताच ओळख झालीये. "मला वाटलं, दिसत नाही कोणाला." आणि पुढे, "आईचं आणि तुझं वाजलं तर मी काय करणार, ही भीती वाटते गं. हो कळव तू. आईला मी सांगतो."

"आणि बस?"

"गाडी शीक. मी आहे ना."

शेजारी हा, आणि त्याच्या पायाशी ब्रेक! सांगते तुम्हाला, खरी दरी मला तेव्हा कुठे दिसली.

घरी त्याने खरंच सांगितलं, पाय बादलीत बुडवून. म्हणजे पळायची सोय नाही. सासूबाई म्हणाल्या, "जा की. मी कधी नको म्हटलं? आणि रुजू झालीस की आधी माझे कान बघ बाई. हल्ली भिंतीपलीकडचं मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

दोन महिने मी कुजबुजत होते.

असो. सोमवारी हो कळवलं, दवाखान्याने रुजू व्हायला महिन्याची मुदत दिली. त्याचा पाय बरा झालाय, अगदी पहिल्यासारखा. रोज सकाळी सातला मी स्टिअरिंगवर, तो शेजारी, समोर बस, मागे ट्रक, बाजूला शाळेची व्हॅन. मी गिअर टाकते, गाडी चार हात जाते, आणि धप्प, बंद. म्हणते, "मी काही केलंच नाही." तो म्हणतो, "अगं, समोर गाडी आहे." असणारच. बत्तीस किलोमीटर आहेत, सगळ्या गाड्या आहेत, आणि ब्रेक दोन आहेत.

तो डोंगरातला रस्ता काय सुरेख होता हो. एकही गाडी नाही.