तारखेची रिकामी जागा

—नाही गं, पंचवीस नाही, सत्तावीस वर्षं होते मी परदेशात. दे ते पान, मीच दुरुस्त करते. हे बघ, इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. पहिल्या नेमणुकीत लागलेली सवय, नाहीतर तिकडचे लोक सातला एक समजायचे. अख्ख्या खात्यात असा सात माझा एकटीचा—शिपाईसुद्धा ओळखायचा. आणि ती खालची गाडी तुझी का? मागे कुणीतरी बसलंय, उन्हात. वर बोलव की. नको? बरं, राहिलं. तर गौरवग्रंथात हे घाल—रुजू होताना पुरुषांकडून नुसती शपथ घ्यायचे, आम्हा बायकांकडून शपथ आणि वर एक राजीनामा. खाली सही करायची, तारखेची जागा रिकामी ठेवायची. बाईनं लग्न केलं की साहेब तारीख घालणार—सुंठीवाचून खोकला गेला! मी लग्नच केलं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्यात नवरा कुठं बसवू? हस, हस. पण पुढं तो नियम मीच रद्द करून घेतला, राजदूत झाल्यावर. पहिली बाई राजदूत—ते ठळक छापा.

काय? दुसरी? हो, माझ्यामागून सहा वर्षांनी आली होती एक. हुशार, माझ्याहूनही—वाटाघाटीत समोरच्याला बोलतं करायची आणि स्वतः गप्प बसायची. लिहिलंय की तिचं पान बारावर, 'स्वेच्छेने राजीनामा दिला'. लग्न केलं होतं गुपचूप, फक्त मला येऊन सांगितलं, ताई म्हणायची मला—संपला विषय. खात्याला कसं कळलं म्हणजे? कळतं खात्याला... तसं नाही, सचिवांनी मला सरळ विचारलं. माझ्या राजदूतपदाची फाईल त्यांच्या टेबलावर, एक सही बाकी. म्हणाले, बाईवर बाईनंच कारवाई केली तर ओरड होणार नाही. माझा हात दगडाखाली होता गं! मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी घातलीच असती तारीख—मी घातली असं म्हणाले का मी आत्ता?

हे बघ, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय आहे त्या पाकिटात? दाखव.

तिचा राजीनामा. सतरा तारीख.

हो, दिसतेय रेघ, चष्मा आहे माझ्या नाकावर. दोन्ही पानं अशी शेजारी शेजारी धरायची गरज नाही. हा कागद तुला—तुम्हाला कुणी दिला?

तुमच्या आईनं?

म्हणजे गाडीत तीच—नको! बोलवू नका. आणि खिडकीतून हाकही मारू नका, बसा. इतकी वर्षं लोक म्हणत असतील, संसार हवा होता तिला, सोडली नोकरी. मलाही तसंच म्हणणं बरं पडायचं. तेवढ्या वर्षांत एक पत्र नाही लिहिलं मी तिला, आणि पत्रं लिहिणं हाच माझा धंदा. लाज वाटते मला—हे लिहू नका. नाही, लिहा. लिहा.

द्या ते पान बारा. हे 'स्वेच्छेने' खोडलं. वर लिहिलं, 'तारीख मी घातली'. खाली ही माझी सही. आजची तारीख? नाही, ती जागा राहू द्या रिकामी. तिला घालू द्या, तिला हवी ती, हवी तेव्हा. उठा आता. आणि जाताना तो खिडकीचा पडदा ओढून घ्या.