घरचं माणूस आधी उतरेल

ती: नाही म्हटलं ना एकदा. चहा घ्या, निवतोय.

तो: अगं, गाडी आणलीये खाली. शेजाऱ्यांची. संध्याकाळपर्यंत आपलीच. धबधबा दीड तासावर. वाट सपाट आहे, चिल्लीपिल्लीसुद्धा उड्या मारत जातात.

ती: शेवटी एकशे चाळीस पायऱ्या आहेत.

तो: तुला कोणी सांगितलं?

ती: तुम्हीच. सव्वीस वर्षं दर शनिवारी तुमचे फोन ऐकतेय. ‘मंडळी, सुती मोजे नकोत, पाण्याच्या दोन बाटल्या हव्यात, हिरव्या दगडावर पाय टाकू नका, आणि गुडघेदुखीवाल्यांनी पायऱ्यांचा विचार करूनच यावं.’ केलाय मी विचार.

तो: हळूहळू जाऊ. मी तुझ्या मागून चालेन. गेल्या रविवारी शेवटची सहल नेली, शिट्टी नव्या मंडळींच्या हवाली केली. म्हटलं, आता पहिला मोकळा रविवार आपल्या बायकोचा.

ती: वरातीमागून घोडं. डॉक्टरांनी मला साधा जिना बंद केलाय आणि हे निघालेत धबधब्याला.

तो: तुला मुळातच चालायचा कंटाळा. पहिल्यापासून.

ती: हे कोणी ठरवलं?

तो: ठरवायचं काय त्यात? बसमध्ये कोणी विचारलं, वहिनी नाही आल्या का, की मी सांगायचो, आमच्या हिला आपलं घर बरं.

ती: सव्वीस वर्षं हे सांगितलंत लोकांना?

तो: मग काय सांगणार होतो?

ती: तळ्याच्या सहलीचं सांगायचं होतं.

तो: कोणत्या? तळ्याला चाळीस वेळा गेलो असेन.

ती: दुसऱ्या वर्षीच्या. मी बसमध्ये बसले होते. डावीकडची तिसरी खिडकी. बस सुटणार तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. त्यांचं नाव नोंदवलेलं होतं, पण तुम्ही यादीत दोन माणसं एकाच ओळीत कोंबली होती, त्यामुळे मोजताना एक कमी भरलं. गडबड तुमची. तुम्ही उठलात, शिट्टी वाजवलीत आणि म्हणालात…

तो: ‘जागा कमी पडली तर घरचं माणूस आधी उतरेल.’

ती: आठवतंय की.

तो: नियम आठवतोय. पुढे पत्रकावर छापायचो मी तो, सगळ्यात वर. लोक वाखाणायचे. पण तो तेव्हा… तू होतीस?

ती: दुसरं कोण होतं तुमच्या घरचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी डबा तुमच्या हातात दिला आणि उतरले.

तो: पुढच्या रविवारी नक्की ये, असं म्हणालो असेन मी.

ती: म्हणालात ना. पुढच्या रविवारी पाचला उठून, वेणी घालून, तयार बसले होते. तुम्ही डबा उचललात आणि गेलात.

तो: हाक मारायचीस.

ती: तुम्ही विचाराल म्हणून थांबले. त्याच्या पुढच्या रविवारीही थांबले. मग नाही थांबले. चूक माझीही आहेच. एकदा दारात आडवी उभी राहिले असते तर गेले असते. पण मी राग धरून बसले, आणि गुडघे काही माझा राग जाईपर्यंत थांबले नाहीत.

तो: वाईट वाटतंय गं. फार वाईट वाटतंय. पाच हजार माणसं नेली असतील मी. एकेकाचा हात धरून ओढा ओलांडून दिलाय.

ती: तेही ऐकलंय. त्यांचे आभाराचे फोन मीच घ्यायचे.

तो: तुझे बूट होते ना तेव्हाचे? तपकिरी? आपण दोघं जाऊन आणले होते. देऊन टाकलेस?

ती: कपाटावर आहेत, मोठ्या बॅगेच्या मागे. खोक्यात. अहो, स्टुलावर चढताय तर नीट चढा. दोघांचे गुडघे एकदम नकोत.

(खोकं उघडल्याचा आवाज. मग काहीतरी गळून फरशीवर पडल्याचा.)

ती: काय झालं? उंदरांनी कुरतडलेत का?

तो: नाही. सोल हातात आला. नुसता भुगा होतोय.

ती: असं कसं? एकदाच तर घातले होते. घरापासून बसपर्यंत, आणि बसपासून घरापर्यंत.

तो: म्हणूनच. असे बूट ठेवून दिले की आतल्या आत खराब होतात. वापरले असते तर टिकले असते. दर सहलीला सांगतो मी लोकांना.

ती: हे फोनवर नाही कधी ऐकलं.

तो: हे वाटेत सांगायचो. चालता चालता.

ती: हं. ठेवा ते खाली. हात धुऊन या आणि माझ्या चपला द्या, दाराशी आहेत.

तो: म्हणजे येतेस?

ती: पायऱ्या नसलेली एखादी जागा असेलच की तुमच्याकडे. का सगळं चढूनच बघायचं असतं?

तो: तळं आहे. गाडी थेट काठापर्यंत जाते. तिथे एक बाक आहे. आम्ही बस लावायचो आणि लगेच डोंगराला लागायचो, त्या बाकावर मी कधी बसलेलो नाही.

ती: वर गेलेली माणसं दिसतात का तिथून?

तो: पहिल्या वळणापर्यंत दिसतात. मग एकदम संध्याकाळी, उतरताना.

ती: मग तिथेच बसू, ती परत येईपर्यंत वाट बघत. मला सवय आहे त्याची. तुम्हाला जमतंय का बघा.