खाटेखालचं पान

माझा जन्म पत्र्यातला, ताई. भूकंपात आमचं गाव गेलं, औश्याच्या तिकडचं, दगडामातीची घरं सगळी, बसली खाली, मग सरकारनं लाइनीनं पत्र्याची शेडं करून दिली, त्यातल्या एका शेडात मी झाले. भूकंप मी बघितला न्हाई, पण ऐकून ऐकून असं वाटतंय की बघितलाच. रस्त्यानं ट्रक गेला आन मांडणीवरची भांडी वाजली की आई आमाला दंडाला धरून बाहेर, भरल्या ताटावरून उठवून बाहेर, आन मोकळ्यात जाऊन उभं ऱ्हायचं. हे तुमाला येड्यासारखं वाटंल, पण आमच्या पट्ट्यात सगळे तसेच. शाळा सातवीपत्तोर झाली. वाचता येतंय मला, न्हाई असं न्हाई, पण बोट ठेवून, जोडून जोडून.

लगीन करून लातूरला आले. आमची मेस हाय, क्लासच्या पोरांची. हदगावची, देगलूरची, कुठली कुठली पोरं येतात डॉक्टर व्हायला, सकाळ संध्याकाळ आमच्याकडं जेवतात, मिनूचे पप्पा भाजीपाला आणतात, पोळ्या मी आन आत्या. आत्या मंजी माझ्या सासूबाई, आमच्यात तसंच मनतात. आन मिनू माझी लेक, साव्वं लागलं तिला.

आता मिनूचं सांगते. थांबा, आधी आत्याचं सांगावं लागतंय, त्याशिवाय तुमाला काहीच समजायचं न्हाई.

आत्याचं गाव बी त्याच पट्ट्यातलं. त्यांना दोन लेकरं, थोरली सुशी आन अंगावरचं तान्हं, मंजी आमचे हे. त्या राती हे तान्हं लई रडायलं, काय केल्या ऱ्हाईना, मनून आत्यानं उचललं आन अंगणाच्या पल्याड नेऊन हिंडवायल्या. सुशी आत झोपलेली, गप. आन तेवढ्यात घर बसलं. जे रडायलं ते वाचलं आन जे गप आत व्हतं ते गेलं. आत्या हे कधी बोलत न्हाईत, मला माझ्या आईनं सांगितलंय लगीन ठरताना. तवापासून आत्या छताखाली झोपत न्हाईत, स्लॅबचं घर हाय आमचं, तरी त्या बाहेर पोर्चात, थंडी असो काही असो. आन रडणारं लेकरू त्यांना घरात चालत न्हाई. कुणाचं बी असू द्या, रडलं की बाहेर.

आन माझी मिनू लई रडायची, ताई.

कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात कानावर आन अशी किंचाळायची की जेवणारी पोरं घास हातात धरून बघायची. नाव घेऊन हाक मारली तर मान वळवायची न्हाई. वाट्या लावत बसायची, मेसच्या स्टीलच्या वाट्या, एकीला एक लागून, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपत्तोर, आन कुणी एक उचलली की झालंच. मग आत्या उठायच्या, हातातलं पीठ तसंच, मिनूला कडेवर टाकायच्या आन बाहेर गल्लीत पळायच्या. आन गल्ली कसली ती, तुमी बघितलीच की आता येताना! सगळे क्लास तिथंच, सुटले की मोटारसायकली, हॉर्न, रिक्षा. तिथं मधोमध उभं ऱ्हाऊन आत्या तिची पाठ थोपटायच्या, ती आजून किंचाळायची, मग आत्या आजून लांब, पार मोठ्या रोडपत्तोर. गल्लीतली पोरं मनायची, चालली आज्जीची एक्सप्रेस. मी दारात उभी. मला काहीच समजायचं न्हाई, नुसतं भ्या वाटायचं.

कुणी मनलं बहिरी हाय, कुणी मनलं बाहेरचं हाय, गंडे बांधले, उतारे टाकले. शेवटी माझी बहीण नांदेडला असती, ती मनली इकडं घेऊन ये, इथं डॉक्टर हायेत. डॉक्टर मनले ऑटिझम. मी मनले साहेब, ह्याला गोळी काय. ते मनले गोळी न्हाई, हा आजार न्हाई, लेकराचं डोकं येगळ्या तऱ्हेनं चालतंय, ते समजून घ्यावं लागतंय. आता मी घरी जाऊन आत्याला काय सांगू? माझं मलाच नाव धड घेता येईना.

मग तिथल्या शबाना मॅडमनी, लेकरांना खेळायला शिकवतात त्या, त्यांनी मला एक पुस्तक दिलं. चित्राचं. मला वाटलं मिनूला दिलं. त्या मनल्या, न्हाई, हे तुमाला हाय, आधी तुमी बघा, मग घरच्यांना दाखवा.

बसमधी बसले, मिनू खिडकीशी झोपलेली, लोहा गेलं आन मी पुस्तक उघडलं. काय सांगू ताई तुमाला! चिमी नावाची पोरगी हाय त्यात, केशरी झबल्यातली, बाजारात चाललीय आईसंगं. आन त्या चित्रात आवाज काढलेत. आवाज! भाजीवाल्याच्या तोंडातनं निघालेलं काळं काळं काटेरी काहीतरी, सायकलच्या घंटीतनं निघालेलं, भोंग्यातनं निघालेलं, सगळं जाऊन त्या पोरीच्या कानात शिरायलंय, आन तिचे कान काढलेत सुपाएवढे. खाली लिहिलेलं, मी बोट ठेवून वाचलं, चिमीला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. मी परत वाचलं. बहिरी न्हाई माझी लेक, तिला जास्त ऐकू यायलंय! मी बसमधीच हसायले आन डोळ्यातनं पाणी, शेजारची बाई मनली काय झालं ओ, मी तिलाच पुस्तक दाखवलं, हे बघा हे, ही माझी पोरगी हाय. अहमदपूर कधी आलं, कधी गेलं, मला समजलं न्हाई.

पुढच्या पानावर ती चिमी खाटेखाली जाऊन बसलीय, गोधडी घेऊन, अंधारात, गुडघे पोटाशी धरून, आन तिची आई खाटेच्या बाहेर पाय लांब करून बसलीय. बस. काही करायली न्हाई ती आई, बोलायली बी न्हाई. त्या पानावर एक बी काटेरी रेघ न्हाई. मी ते पान कितीदा बघितलं. आमी पोरीला आवाजातनं सोडवायला आवाजातच नेऊन उभं करायलोत, हे मला त्या बसमधी समजलं.

घरी आले ते पळतच. चप्पल काढायच्या आधी आत्याला मनले, आत्या बसा, हे बघा. आत्याला वाचता येत न्हाई, पण चित्रं अशी बघायल्या की बस, चष्मा लावून, बाजाराचं पान बघून मनल्या, आगं ही तर आपली मिनू. मला तर उडी मारावी वाटली. आन मग खाटेखालचं पान आलं.

आत्याचा हात थांबला. पुस्तक मिटलं, उठल्या आन मांडणीच्या सगळ्यात वर, डब्याच्या मागं टाकून दिलं. मनल्या, ज्यानं हे चित्र काढलं त्याच्या घरावर कधी दगड पडले न्हाईत. रडणाऱ्या लेकराला खाटेखाली घालणारं पुस्तक माझ्या घरात नको.

वर आजून मनल्या, पोरांचे निकाल लागले की मेस रिकामी व्हती, मग मी मिनूला गावाकडं घेऊन जाते. नवीन गावठाणात आपलं घर हाय, मागं मोकळं रान हाय, तिथं ऱ्हाईल ती माझ्यापाशी. तू हितं मेस बघ. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे खाली बघून जेवायले. मागनं मला मनले, आईला त्या गोष्टीत काही बोलू नको, मी तरी आजपत्तोर बोललो न्हाई. आन मिनूचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले बी आत्यानं. ती पिशवी दाराशी. मी पोळ्या लाटायची आन त्या पिशवीकडं बघायची. पण बोलायची हिंमत? न्हाई हो. आमच्यात सासूपुढं बोलत न्हाईत, आन अशा सासूपुढं, जिचं लेकरू दगडाखाली गेलंय, तिच्यापुढं मी कोण बोलणार?

मग निकालाचा दिवस आला. तुमाला ठाऊक हाय की लातूरचा निकाल. कुणाचा तरी नंबर आला मनून क्लासवाल्यांनी मिरवणूक काढली, उघड्या जीपमधी हार घातलेली पोरं, म्होरं डीजे, फटाक्याच्या माळा, आन ती आमच्याच गल्लीत वळली. हे मार्केटला गेलेले. घरात मी, आत्या, आन खाटेपाशी वाट्या लावत बसलेली मिनू. डीजे दारापुढं आला आन भांडी वाजायला लागली, ताई. मांडणीवरच्या ताटल्या, पातेली, झाकणं, सगळी थरथरायली, पायाखालची फरशी बी. आत्याचं तोंड पांढरं पडलं. मिनू वाट्या टाकून, कानावर हात ठेवून किंचाळायली. आत्यानं तिला उचललं आन दाराकडं धावल्या.

मी दारात जाऊन उभी ऱ्हायले. कशी ऱ्हायले मला ठाऊक न्हाई. दोन्ही हात चौकटीला धरले आन मनले, आत्या, बाहेर न्हाई. बाहेरच हाय ते सगळं.

आत्या मनल्या, सर बाजूला, घर हलायलंय.

मी मनले, घर हलत न्हाई आत्या, डीजे हाय. घर पडलं तर माझ्यावर पडू द्या, पण मिनूला खाली सोडा.

तेवढ्यात मिनूच त्यांच्या कडेवरनं घसरली आन सरळ खाटेखाली. मी कधी शिकवलं न्हाई, पुस्तक तर वर डब्यामागं पडलेलं. भिंतीला टेकून बसली, गुडघे पोटाशी. मी गोधडी ओढून आत सरकवली, ती तिनं डोक्यावरनं घेतली. आत्या दारातच, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, एक आत, आन नुसतं सुशे, सुशे करायल्या. मिनू न्हाई मनल्या त्या. सुशे.

मी वर चढून पुस्तक काढलं, डबे पडले ते पडले, ते पान उघडलं आन खाटेम्होरं फरशीवर ठेवलं. आत्यानं तिथनंच बघितलं. आन मग आत आल्या. छताखाली, भांडी वाजत असताना. चित्रातल्या आईसारख्या पाय लांब करून खाटेपाशी बसल्या, डोळे गच्च मिटून, माझा हात असा दाबून धरला की बांगडी फुटली.

मिरवणूक गेली. भांडी गप झाली. खाटेखालनं एक हात आला. त्यात वाटी व्हती, ती आत्याच्या पायाला लावून ठेवली. मग आजून एक, तिला लागून. आत्यानं डोळे उघडले, वाट्यांकडं बघितलं, मनल्या, आगं, ही आत बसून बी नीट हाय की.

तेवढंच मनल्या. पण संध्याकाळी त्या पिशवीतले कपडे परत कपाटात घड्या घालून ठेवलेले दिसले मला. आन दुसऱ्या दिवशी ह्यांना मनल्या, ही लाकडी खाट काढ, लोखंडी करून आण, चांगली जाड अँगलची. वेल्डिंगवाला घेऊन आला तर आत्या स्वतः तिच्यावर चढून उभ्या ऱ्हायल्या, हलवून बघितली, मनल्या, हं, आता बसू दे लेकराला. अजून झोपतात बाहेरच, ते काही सुटलं न्हाई. पण दुपारी पाठ टेकायला त्याच खाटेवर येतात, खाली मिनू, वर आज्जी.

आता तर पुस्तक त्यांच्याच हातात असतंय! मेसच्या पोरांना दाखवतात, ए डॉक्टर, हिकडं ये, हे बघ. गल्लीतल्या लेकरांना बसवून सांगतात. अक्षर येत न्हाई मनून आपल्या मनानंच सांगतात, बाजार मंजी औश्याचा बाजार करून टाकला. आन चिमीला चिमी मनत न्हाईत. मनतात, ही सुशी, हिला लई ऐकू येतंय, हिला ओढू नका, हिच्यापाशी गप बसा. मी एकदा बी मनले न्हाई की आत्या, चिमी हाय ते.

येत्या सोमवारी मिनूच्या शाळेत बोलावलंय, वर्गातल्या लेकरांना पुस्तक दाखवायला. बाईंनीच मनलं. मला आत्तापासूनच घाम फुटायलाय, सातवी शिकलेली मी, सगळ्या लेकरांम्होरं बोट ठेवून कसं वाचू? आत्या मनल्या, तू भिऊ नको, मी सांगते, तू नुसती पानं उलट. नवीन लुगडं काढून ठेवलंय त्यांनी.

तुमचं बी चांगलं व्हावं ताई, एवढं बसून ऐकून घेतलं माझं. लिहा सगळं, बसमधलं बी लिहा. आन लिहून झालं की घेऊन या, आत्याला ऐकायचंय. पण वाचताना जिथं जिथं चिमी येईल, तिथं सुशी मना.