देवाचा पहिला चहा

एलिस्ता शहराच्या संग्रहालयात घरचे जुने देव द्यायला माणसं बसली होती. नोगानच्या मांडीवरही फडक्यात गुंडाळलेला पितळी बुद्ध होता. द्यावा की परत न्यावा, हे तिचं ठरत नव्हतं. रांगेत तिच्या पुढची म्हातारी आपला देव टेबलावर ठेवून पलीकडच्या नोंद करणाऱ्या पोरीला सोडत नव्हती.

"आजी, इथे सही करा."

"आधी सांग, रोज सकाळी ह्याच्यापुढे पहिला चहा कोण ठेवणार?"

"दालनात चहा न्यायला बंदी आहे."

"बंदी! सरकारनं आमच्या अख्ख्या जमातीला तेरा वर्षं सैबेरियात हाकलून दिलं होतं. चहा नव्हता, तर आईनं गरम पाणी ठेवलं, पण ह्याला कधी तसंच ठेवलं नाही."

"मग घरीच असू द्या ना."

"आणि मी गेल्यावर? लेक मॉस्कोला, सून कॉफी पिते."

"आजी, हळू बोला. मागच्या खोलीत नऊला आमचा चहा होतो. पहिला कप मी खिडकीत ठेवते, इथल्या सगळ्या देवांसाठी."

"आपल्या पद्धतीचा ना? दूध, मीठ, लोणी?"

"सगळं."

"जायफळ?"

"ते नसतं."

"तरीच मेले सगळे काचेमागे तोंड पाडून बसलेत! उद्यापासून किसून घाल. आण ती लेखणी."

म्हातारी सही करून उठली. नोगाननं आपला बुद्ध टेबलावर ठेवून फडकं उलगडलं.

"आमच्याला मीठ जरा कमी लागतं हं, पोरी."