शिवाच्या खिशातल्या पुड्या

नाव : सगुणा धोंडू रहाटे. वय : अंदाजे अडतीस वर्षे. धंदा : काजूच्या कारखान्यात गर सोलणे, पावसाळ्यात शेती. राहणार : सडेवाडी, पाली रस्ता, ता. जि. रत्नागिरी. दिनांक : २१ मार्च १९८७, शनिवार.

चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, नवरा वारल्यापासून मी वरील ठिकाणी माहेरी आई चिमा व धाकटा भाऊ शिवा महिपत गोताड यांच्यासह राहते. शिवाचे वय सव्वीस. तो मुंबईत गिरणीत बदली कामगार होता. संपात गिरणी बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. मग तो बंदरात हमाली करू लागला व तिथे त्याला गर्द ओढण्याची सवय लागली. ही गोष्ट मी कोणापासून लपवलेली नाही. टीबी झालाय म्हणून सांग, असं वाडीतल्या बायकांनी मला शिकवलं होतं. मी खरं सांगितलं, त्याची ही फळं.

दिवाळीच्या सुमारास मी स्वतः मुंबईस जाऊन त्यास घरी आणले. अंगावर नुसती हाडं होती. ज्या दवाखान्यात प्रथम नेले तेथील माणसाने आम्हास पायरी चढू दिली नाही. 'असली माणसं इथं आणू नका, पोलिसांत द्या,' असे तो बोलला. पोलिसांत आणलं असतं तर तुम्ही दवाखान्याची वाट दाखवली असती. हवालदारसाहेब, मान काय हलवता, लिहा.

त्यानंतर आमच्या गावचे मानकरी हरिश्चंद्र खापरे यांनी याला मुंबईची बाधा आहे असे ठरवले व भगत आणवला. मी कारखान्यात असताना चौघांनी शिवास फणसाला सुंभाने बांधले व भगताने निरगुडीच्या फोकाने मारले. आई पाया पडत होती. मी येऊन कोयतीने सुंभ तोडला. कोयती कुणावर उगारलेली नाही, हे स्पष्ट लिहा, कारण उद्या तेही माझ्यावर घालतील. त्याच्या दंडावर वळ अजून आहेत. तो इथेच आत कोंडलेला आहे, शर्ट काढून बघा. भगतावर कोणी तक्रार केली नाही. पंधरा जणांनी बघितलं, पण तेव्हा कुणाला चौकी आठवली नाही.

पुढे पालीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्यास खुर्चीवर बसवले, नाव विचारले. एवढ्यावरच शिवा रडला. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, बांधायचं नाही, कोंडायचं नाही, टाकून बोलायचं नाही. औषध मात्र एकही वेळ चुकवायचं नाही. अंग ठणकलं, उलट्या झाल्या, तरी त्याने दम धरला. त्याला गोळी गिळवत नसे, म्हणून कंपाउंडर इद्रीसभाई गोळ्या खलून कागदाच्या पुड्या बांधून देतात. ताप असो, खोकला असो, त्या दवाखान्यात निम्म्या लोकांना पुड्याच मिळतात. हरिश्चंद्रभाऊंच्या नातवालाही मिळाल्या होत्या.

मुंबईत गर्द सोडवण्यासाठी एका इस्पितळात वेगळ्या खाटा आहेत. डॉक्टरांनी तिथे शब्द टाकून शिवासाठी एक खाट मिळवली. येत्या सोमवारी सकाळी हजर व्हायचे आहे. न गेल्यास खाट दुसऱ्यास जाणार. उद्या रविवारी संध्याकाळच्या एस्टीने आम्ही दोघे निघणार होतो.

आज सकाळी शिमग्याची पालखी आमच्या वाडीत आली. आमच्याकडे पालखी दर घरी येते. पालखी अंगणातल्या खळ्यात आली की घरची बाई ओटी भरते, मानकरी गाऱ्हाणं घालतात. मेलेल्याच्या घरी सुतक असलं तरच पालखी थांबत नाही. मी सारवण केलं होतं, रांगोळी काढली होती. शिवा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, नारळ हातात घेऊन दारात उभा होता. मुंबईला जायच्या आधी आमच्या गावात पालखी नाचवणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. 'आक्का, खांदा नको मागूया, नुसतं पाया पडतो,' असं तो मला म्हणाला होता.

पालखी शेजारच्या खळ्यातून निघाली, आमच्या बेड्यापर्यंत, खळ्याच्या फाटकापर्यंत आली आणि वळून पुढच्या घरी चालू लागली. ढोल वाजतच होते. शिवाने नारळ पायरीवर ठेवला व आत गेला. काही बोलला असता तर मी गप्प बसले असते.

मी वाटेवर जाऊन पालखीपुढे उभी राहिले. पालखी अडवली असे गावकऱ्यांनी दिलेल्या तक्रारीत आहे. होय, अडवली. मी म्हटले, 'भाऊनू, आमच्या घरात कोण मेलंय काय?' त्यावर हरिश्चंद्रभाऊ म्हणाले, 'गर्दुल्ल्याच्या घरात देव येयाचा नाय. तो गाव सोडून जाऊ दे, मग बघू.' मी म्हटले, 'उद्या जातोच आहे तो. पण बरा होयला जातोय, तोंड काळं करून नाय.' कोणीतरी मागून हसले.

मग माझा तोल गेला. पालखीखाली जे चौघे होते त्यांच्या तोंडाला सकाळी सकाळी हातभट्टीचा भपकारा येत होता. पुढचा तर झोकांड्या खात होता. मी म्हटले, 'मेल्यानो, हा वास काय गुलाबपाण्याचा येतोय? तुमच्या खांद्यावर देव बसतो नि माझ्या भावाच्या दारात येताना त्याला विटाळ होतो? घरी बायकांना बडवता ते चालतं देवाला?' हे शब्द माझे आहेत. तक्रारीत शिवीगाळ लिहिली आहे. मेल्यानो ही शिवी असेल तर आमच्या वाडीतल्या सगळ्या आया रोज आत जातील.

एकाने मला ढकलले. मी पडले. ते पाहून शिवा धावत आला, त्याने मला उठवले व म्हणाला, 'आक्का, घरात चल गो, जाऊ दे.' त्याने कोणावर हात उचलला नाही. तेवढ्यात पोलीस पाटील भागोजी यांनी त्यास धरले व खिसे तपासले. सदऱ्याच्या खिशात पुड्या निघाल्या. 'गर्द! गर्द!' म्हणून एकच गलका झाला. पुडी उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही. ज्या माणसांनी जन्मभर इद्रीसभाईंच्या हातच्या पुड्या खाल्ल्या, त्यांना शिवाच्या खिशातली पुडी ओळखता आली नाही. पुडी तीच होती, खिसा शिवाचा होता ना!

दुपारी शिवास चौकीत आणले. मी पाठोपाठ चालत आले. आल्यापासून सांगते आहे, हे औषध आहे, डॉक्टरांना विचारा. चौकीचे फौजदारसाहेब म्हणाले, पुड्या सील करून तपासणीला पाठवाव्या लागतात, निकाल येईल तेव्हा येईल, आरोपी तोपर्यंत आत. मी विचारले, सोमवारच्या खाटेचं काय? साहेब म्हणाले, 'गर्दुल्ल्यांना कसली खाट?' ते असे बोलले. हे लिहायचं नसेल तर मी अंगठा देत नाही.

शिवाची दुपारची पुडी चुकली आहे. तो आत गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे, त्याला कापरं भरलंय. मी इथून बघते आहे. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं नाही, पुडी मागितली नाही. 'आक्का, आता खाट गेली ना?' एवढंच विचारलं. मला त्याचा राग आला, तुमचा आला, देवाचाही आला.

पंचनाम्यात पुड्या सहा लिहिल्या आहेत. त्या टेबलावर मांडलेल्या होत्या, हवालदार लाख वितळवत होते. मी त्यातली एक उचलली, उघडली व सर्वांसमक्ष तोंडात टाकली. साहेब ओरडले, हवालदारांनी माझा हात धरला, पण तोवर मी गिळली होती. कडू जहर आहे. त्यानंतर हा एवढा जबाब मी सांगितला आहे. मला थोडी गुंगी आहे, बाकी मी शुद्धीवर आहे, माझं नाव मला ठाऊक आहे, तुमचंही आहे.

आता टेबलावर पाच पुड्या आहेत. मुद्देमालात एक कमी पडते म्हणून साहेब माझ्यावर डोळे काढत आहेत. सहावी माझ्या पोटात आहे. ती गर्दाची असेल तर मी गर्द खाल्लं आहे, तेही पोलीस चौकीत, साहेबांच्या टेबलावरचं. मला माझ्या भावाशेजारी आत घाला. ती औषधाची असेल तर माझ्या भावाला बाहेर काढा, आणि उरलेल्यातली एक आत्ता त्याला द्या, त्याची वेळ टळून गेली आहे. दोन्हीतलं काय ते साहेबांनी ठरवावं व माझ्यासमोर खाली लिहावं.

जबाब मोठ्याने वाचून घेतला, आतल्या शिवालाही ऐकू गेला. मी सांगितला तसाच उतरला आहे, कमी नाही की जास्त नाही. खाली साहेबांसाठी जागा सोडायला लावली आहे. ते लिहितील, मग मी अंगठा देईन.