कच्चा चीक

(घोडेगावजवळच्या वस्तीवरचा गोठा, संध्याकाळची धारेची वेळ. भिमाजी गाईखाली बसलेला. पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेली त्याची मुलगी दिपाली दारात उभी. तिची आई कडूबाई घरात पडून आहे.)

दिपाली : आणि हिचं वासरू कुठंय, आबा?

भिमाजी : गेलं.

दिपाली : हेही?

भिमाजी : हगवन लागली, गेलं. कालवड न्हवती, गोऱ्हा हुता. त्याचं काय एवढं.

दिपाली : चीक पाजला नसेल. पहिला चीक मिळाला नाही तर वासरू टिकत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय.

भिमाजी : चीक तुझ्या आयला पाजला. पेलाभर सकाळी, पेलाभर सांजच्याला. त्याच्यासाठीच तर घोडेगावच्या बाजारातनं व्यायला झालेल्या गाई आनल्या. शिवारात कुनाची गाय व्याली की चरवी घेऊन मी त्याच्या दारात. शेजारपाजार खरवसाची वाट बघत बसला, कुनाला वाटी दिली न्हाई. शेजारच्या बन्सीची बायकू तोंडावर म्हनली, म्हाताऱ्याला हाव सुटलीया.

दिपाली : पण कशासाठी?

भिमाजी : कशासाठी म्हंजे? तूच म्हनलीस की फोनवर.

दिपाली : मी काय म्हणाले?

भिमाजी : म्हनलीस, आबा, आईच्या आतड्यातल्या गाठीत निराळ्याच जातीच्या टी पेशी घावल्यात. गॅमा डेल्टा. मी नाव पाठ केलंय. मानसात थोड्या असत्यात, वासराच्या रक्तात लई असत्यात, आन आईच्या कॅन्सरला त्याच मारायल्यात. म्हनलीस का न्हाई?

दिपाली : म्हणाले. तुम्हाला कळावं म्हणून वासराचं सांगितलं.

भिमाजी : कळलं की. वासराला त्या येत्यात कुठनं? चिकातनं.

दिपाली : नाही हो आबा. त्या वासराच्या स्वतःच्या असतात, आईच्या पोटात असल्यापासून. आणि माणसाच्या पोटात काहीही गेलं तरी ते पचून जातं.

भिमाजी : म्हनून तर शिजवत न्हाई. खरवस केला तर पेशी मरत्यात. कच्चाच देतो, फडक्यानं गाळून.

दिपाली : कच्चा दिला तरी त्या पोटात मरतातच, आबा.

भिमाजी : मंग गाठ अर्धी झाली का न्हाई? त्या डॉक्टरनंच फोटू दाखवला.

दिपाली : ती इंजेक्शननं अर्धी झाली. नीट ऐका. तिच्या कॅन्सरनं स्वतःची ओळख पुसून टाकली होती, त्यामुळे नेहमीच्या टी पेशींना तो दिसतच नव्हता. या निराळ्या पेशींना दिसत होता, पण त्यांना ब्रेक लागला होता. इंजेक्शन तो ब्रेक काढत होतं. दोनच इंजेक्शनं झाली आणि पेशी कामाला लागल्या. तेवढ्यात तुम्ही ते बंद केलं.

भिमाजी : इंजेक्शननं तिला पुरळ उठायचं, ढाळ लागायचे. आन चीक बी तवाच चालू केल्ता. दोन्ही एकदम चालू असल्यावर गुन कशाचा आला ते कसं कळायचं? गुराला आपन दोन औषधं एकदम देतो का? एक बंद करून बघावं म्हनलं.

दिपाली : आणि मला फोनवर सांगत राहिलात की इंजेक्शन चालू आहे.

भिमाजी : तू आली असतीस तर दिसलं असतं. गाठीचा तुकडा पायजे हुता तवा पहिल्या गाडीनं आलीस. बर्फाच्या डब्यात घालून नेलास. त्याच्यानंतर आयचं तोंड बघायला कवा आलीस?

दिपाली : आज आले ना. दुपारी नगरला तिचा स्कॅन केला, त्याचा रिपोर्ट आत्ता मोबाईलवर आलाय. कॅन्सर लिव्हरभर पसरलाय. तुम्ही मारलंत तिला, आबा. वासरं मारलीत तशीच.

भिमाजी : हळू बोल. ती उठून आलीया.

कडूबाई : मघाच आलेय. भिताडाला धरून हुभी हुते. दिपे, बापाला असं बोलू नगं.

दिपाली : आई, डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं होतं, इंजेक्शन सोडायचं नाही. तू का गप्प बसलीस? आणि तो कच्चा चीक उलटत नव्हता तुला?

कडूबाई : रोज. ह्यांची पाठ फिरली की मोरीत जाऊन ओकायची.

भिमाजी : ओकायचीस? मला तर म्हनायचीस गोड लागतो.

कडूबाई : मंग काय म्हनू? दिपे, लगीन होऊन आले तवापासनं ह्या मानसानं मला पान्याचा तांब्या दिला न्हाई. तुझ्या येळंला बाळंतीन हुते, अंग तापानं फनफनलेलं, तवा बी मीच उठून चुलीपुढं बसले. आन आता हे पेला घेऊन यायचे. मानंखाली हात घालून पाजायचे. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायचे. म्हनायचे, पी, बरी हुशील. मला वाटलं, इंजेक्शन चालू ऱ्हायलं तर हे चीक आनायचं बंद करतील.

दिपाली : म्हणून मरायला तयार झालीस?

कडूबाई : मरायला न्हाई गं. मला वाटलं दोन्ही जमंल. थोडं दिवस हे, मंग परत इंजेक्शन.

दिपाली : कॅन्सर तुझ्यासाठी थांबत नाही, आई. त्या पेशी दमल्या आता.

कडूबाई : आता घेतलं तर?

दिपाली : उद्या डॉक्टर सांगतील.

कडूबाई : डॉक्टरचं सोड. तू हेच शिकलीस ना? तू सांग.

दिपाली : आता नाही उपयोग व्हायचा.

भिमाजी : आन चिकानं?

दिपाली : चिकानं तर कधीच होणार नव्हता. पहिल्या दिवसापासून तुम्ही तिला नुसती ओकारी पाजलीत.

कडूबाई : दिपे, हे कशाला सांगितलंस?

दिपाली : खरं आहे ते.

कडूबाई : असू दे की खरं. माझं कितीसं ऱ्हायलंय. तेवढं पाजू द्यायचं हुतं त्यास्नी.

भिमाजी : मंग ही गाय बाजाराला काढावी. वासरू न्हाई, पान्हा बी चोराय लागली. शेजारचा टेम्पो बाजाराला जानारच हाय.

दिपाली : आबा, हे आत्ता बोलायचं आहे का?

भिमाजी : मंग कवा बोलू? ही चरवी तेवढी उकिरड्यावर वत.

कडूबाई : वतू नगा. काढलाय तर द्या, मी पिते.

भिमाजी : कशाला? उलटतो ना तुला?

कडूबाई : आज न्हाई उलटायचा. द्या की हो.

भिमाजी : कायतरीच काय. लई दिवस पडून काढलेस, आत्ता चार पावलं चालत आलीस की. च्या ठेव मला.

दिपाली : तू बस आई, मी ठेवते.

कडूबाई : ऱ्हाऊ दे. ह्यास्नी साखर किती लागती, तुला न्हाई ठावं.